आरसी बुकाला धक्का न लावता ट्रॅकची तयारी : वाळूजच्या एका गॅरेजविषयी

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, जॉब वर्क करणाऱ्या लेथच्या शेडांच्या रांगेत, पाटी नसलेले एक गॅरेज आहे. गर्दी वाढली की कामाचा दर्जा घसरतो या धास्तीने मालकांनी पाटी लावलेली नाही आणि नाव छापू नये अशी विनंतीही केली आहे, म्हणून ते इथे येणार नाही. मोटारींचा नाद असलेल्या इथल्या कोणालाही विचारले तर पत्ता मिळतो. माझी फोक्सवॅगन पोलो, एक लिटर टर्बो पेट्रोल आणि सहा गिअरची मॅन्युअल, गेली काही वर्षे याच गॅरेजच्या हाताखाली आहे. ती रोज ऑफिसला जाते आणि अधूनमधून रेसिंग ट्रॅकवरही उतरते. अशी गाडी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले तर ठरलेल्या यादीबाहेरचे काम होत नाही, आणि मॉडिफिकेशनच्या दुकानात गेले तर गिऱ्हाईक मागेल ते लावून मिळते, त्याचे पुढे काय होईल याच्याशी दुकानदाराला देणेघेणे नसते. या गॅरेजला मी जे मानतो ते मुख्यतः त्यांच्या नकारांमुळे.

मराठवाड्यात राहून हा छंद करायचा म्हणजे एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. आपल्याकडे रेसिंग ट्रॅक नाही. चेन्नई-बंगळूर महामार्गावर श्रीपेरंबुदूरजवळचा मद्रासचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक किंवा कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, दोन्ही इथून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत. गाडी ट्रेलरवर घालून नेण्याचा खर्च माझ्यासारख्या नोकरदाराला झेपणारा नाही, तेव्हा ती बीड, धाराशिव, सोलापूर, विजयपूर अशी चालवतच न्यायची, ट्रॅकवर तापवायची आणि त्याच टायरांवर, त्याच ब्रेकवर घरी आणायची. वाटेत तीन-चार राज्यांचे पोलीस आणि आरटीओची पथके भेटतात, उसाच्या ट्रॉल्या भेटतात, आणि गावोगावचे गतिरोधक तर गाडीचे पोट खरवडायलाच बांधल्यासारखे असतात. त्यामुळे ‘ट्रॅकसाठी तयार’ आणि ‘रस्त्यावर कायदेशीर’ या दोन वेगळ्या अवस्था ठेवण्याची सोय आम्हाला नाही.

कायद्याची बाजू बहुतेक हौशी मंडळी ऐकीव माहितीवर चालवतात. गॅरेजमध्ये मात्र ती भिंतीवर चिकटवलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरील नोंदी वेगळ्या ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंड ‘प्रत्येक बदलामागे’ आहे, हे वाचून माझ्यासमोर एका तरुणाने मनातल्या मनात आपल्या गाडीची बेरीज केलेली मी पाहिली आहे.

माझ्या गाडीसाठी त्यांनी काय नाकारले ते सांगतो. मागची सीट काढून वजन कमी करण्याला नकार मिळाला, कारण आरसीवर आसनक्षमता पाच आहे. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकण्याला नकार. तो काढला की गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना कार्बन मोनॉक्साइडची ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम ही पीयूसीची मर्यादा पाळता येत नाही, आणि आवाजाचा प्रश्न वेगळाच. राज्यातल्या शहरांत बुलेटच्या फटाका सायलेन्सरांवर पोलिसांनी रोलर फिरवल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत, तरी मोटारवाल्यांना ते आपल्याला लागू नाही असे का वाटते हे मला उमगलेले नाही. मूळचे तीन बिंदूंचे सीट बेल्ट काढून हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारे रेसिंगचे पट्टे, बसवण्यालाही नकार मिळाला. इंजिनचे रीमॅपिंग, म्हणजे त्याच्या संगणकातली आज्ञावली बदलून ताकद वाढवणे, हा माझा खरा हट्ट होता. कारखान्याचे ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर थोडे वाढवून घ्यावेत असे मला वाटत होते. त्यावर मोठे मिस्त्री गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, ‘साहेब, पळायला ती आताच लई आहे. थांबायली का ते बघू आधी.’

थांबण्याच्या कामातच या गॅरेजचे कसब दिसते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषत जाते आणि तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकले पाहिजे, पण पाणी मुरलेल्या अवस्थेत हीच अट १५५ अंशांवर येते. शहरात हा फरक कळत नाही. ट्रॅकवर एकामागोमाग एक वळणांवर ब्रेक दाबत गेलो की ते उकळते, नळ्यांत वाफ धरते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाखालचे पेडल मऊ पडून खाली जाते. माझ्या गाडीचे ऑइल बदलताना मिस्त्रींनी मला शेजारी बसवून घेतले. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या, ऑइल सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावलेली, तिचे दुसरे टोक बाटलीत, आत बसलेला पोरगा पेडल दाबतोय, आणि नळीतून आधी कोऱ्या चहासारखे काळपट ऑइल येत होते, मग बारीक बुडबुडे, मग हळूहळू फिकट पिवळे. शेवटचा बुडबुडा गेल्यावरही त्यांनी आणखी थोडे सोडले आणि मगच निपल आवळला. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजून डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहिली. मागे ड्रम ब्रेक आहेत. ते डिस्कचे करून देणारे पुष्कळ भेटतात, इथे मात्र ड्रम उघडून साफ केले, शू तपासले आणि विषय संपवला. पुढे जास्त तापमान सोसणारे पॅड टाकले, पण थंडीतल्या पहाटे पहिल्या सिग्नललाही जे पकडतील असेच. निव्वळ रेसचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि म्हणून रस्त्यावर धोक्याचे ठरतात, हे त्यांनी मी विचारण्याआधीच सांगितले.

टायरांबाबत त्यांचे मत ठाम आहे आणि मला ते पटते. आकार कारखान्याचाच, म्हणजे १९५/५५ आर १६, ठेवायचा. टायर किती वजन आणि किती वेग सोसेल हे सांगणारे भारांक आणि वेगांक मूळपेक्षा कमी नकोत. फरक करायचा तो रबराच्या प्रतीत. मऊ रबराचे टायर लवकर झिजतात, आणि मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की कायद्यानेही तो टायर संपतो. मिस्त्री परतीच्या प्रवासाचा हिशेब धरून टायर मोजतात: ट्रॅकवर जाण्याआधी नक्षी किती, आणि झीज वजा जाता सोलापूरच्या रस्त्यावर पाऊस लागला तर किती उरेल. गाडी देताना ते हवेच्या दाबाचा एक कागद सोबत देतात. ट्रॅकवर टायर तापले की दाब चढतो म्हणून हवा कमी करावी लागते, पण घरी निघण्याआधी टायर थंड करून ती पुन्हा पूर्ववत भरायची, ही ओळ त्या कागदावर लाल शाईने आहे. चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरला आवळतात आणि थोडे चालवून पुन्हा तपासायला बोलावतात. हवेच्या बंदुकीने वाटेल तसे बोल्ट ठोकणाऱ्या टायरवाल्यांची सवय लागलेल्यांना हे सोवळे वाटेल.

बाकीची कामे नेहमीची, पण मन लावून केलेली. उंची कारखान्याचीच ठेवून शॉकअप आणि कंट्रोल आर्मचे बुश बदलले, त्यामुळे गाडी वळणावर ताठ राहते आणि गतिरोधकही पार करते. एक काम खास इथल्या मातीचे म्हणावे लागेल: कापसाच्या हंगामात वाहतुकीच्या गाड्यांतून उडालेले धागे रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत जाऊन बसतात, वर धूळ चिकटते आणि नमद्याचा थर तयार होतो. तो त्यांनी पुढचा बंपर उतरवून, हलक्या दाबाच्या पाण्याने मागच्या बाजूने साफ केला.

विम्याविषयी गॅरेजने दिलेला इशारा इथे नोंदवणे गरजेचे आहे. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, म्हणजे ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च आपला. पण परतीच्या रस्त्यावर अपघात झाला तर दाव्याच्या वेळी विमा कंपनीचा सर्वेक्षक आरसीशी गाडी ताडून पाहतो, आणि तिथे न कळवलेले बदल आडवे येतात. प्रत्येक कामाचे बिल, जुन्या भागांची छायाचित्रे आणि नव्या भागांचे क्रमांक ते एका फाइलमध्ये लावून देतात. तपासणीच्या वेळी ही फाइल पुढे केली की बोलणे लवकर आटोपते.

तक्रारी आहेतच. अलाइनमेंटचे यंत्र त्यांच्याकडे नाही. गाडी बाहेर पाठवतात आणि एकदा ती स्टिअरिंग किंचित डावीकडे कललेले ठेवून परत आली. मिस्त्रींनी पदरमोड करून ते पुन्हा करून दिले, पण माझा एक दिवस गेला. दिलेली तारीख क्वचितच पाळली जाते. अंदाजपत्रक तोंडी असते, त्यामुळे सुटे भाग मुंबईहून महाग आले की शेवटचा आकडा वाढतो. मूळ सीट काढून बकेट सीट, म्हणजे अंगाला घट्ट धरणारी रेसिंगची सीट, बसवण्याला ते विरोध करतात, तो मला जास्तीचा वाटतो. सीटबरोबर तिच्या आत बसवलेली एअरबॅगही जाते हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण तो ज्या गाड्यांत आहे त्यांच्यापुरता. मजुरी पुण्यात मला सांगितलेल्या दरांच्या मानाने निम्म्याच्या आसपास पडली, मात्र मजुरीत वाचलेले पैसे पॅड आणि टायर यांच्यात निघून जातात.

एसयूव्ही उंच करून घेणारे, फिल्म लावणारे आणि रात्री बीड बायपासवर शर्यत लावणारे यांना ते दारातूनच परत पाठवतात. गाडी नेण्याआधी फोन करावा, आरसी आणि पीयूसीची प्रत सोबत ठेवावी, आणि एप्रिल-मेमध्ये काम टाकू नये. पत्र्याच्या शेडमध्ये त्या दिवसांत दुपारी काम जवळजवळ थांबलेले असते आणि गाडी पंधरवडाभर अडकते.