शिबिर चांगलं, पण उन्हाळ्यातही घ्या

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात आशा सेविका आहे. यंदा २६ जानेवारीला गावच्या शाळेत रक्तदान शिबिर झालं, त्याबद्दल लिहिते.

आवडलं ते हे की तपासणीत घाई नव्हती. हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅमच्या खाली असलं तर रक्त घेत नाहीत, आणि आमच्याकडच्या पुष्कळ बाया तिथंच अडकतात. एरवी "तुमचं चालत नाही" एवढंच ऐकून त्या घरी जातात, पुढच्या वेळी फिरकतही नाहीत. इथल्या मॅडमनं प्रत्येकीला तिचा आकडा लिहून दिला, सिकलची (सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली का ते विचारलं आणि आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी दिली. निगेटिव्ह गटाच्या एका पोरीला बाजूला बसवून अँटी-डी इंजेक्शनबद्दल सांगितलं, आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून ते देतात: बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते घ्यायचं. हे औषध दात्यांच्याच प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पातळ भागापासून बनतं. ऑस्ट्रेलियात रेड क्रॉसनं १९६० च्या दशकात हे काम उभं केलं. तिथले एक दाते जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ पर्यंत १,१७३ वेळा दान केलं. एवढी माहिती मी दुसऱ्या कुठल्याच शिबिरात ऐकली नव्हती. चहा-बिस्किटं, झोपायची सोय, सगळं ठीक.

तक्रार तारखेची आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, नाहीतर कुणाचा वाढदिवस, सगळी शिबिरं त्याच दिवसांत. लाल पेशींची पिशवी थंडीत ठेवली तरी ३५ ते ४२ दिवसच चालते, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. म्हणजे जानेवारीचं रक्त मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कामाचं नाही. आणि सिकलच्या लेकरांचं दुखणं उन्हाळ्यातही वाढतं, अंगातलं पाणी कमी झालं की. माझ्याकडच्या एका पोराला मे महिन्यात रक्त लागलं, तर बापाला आधी दाता आणायला सांगितलं. अर्धं गाव तेंदूपत्त्याला, म्हणजे विडीची पानं तोडायला, जंगलात. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, नुसता ओ-पॉझिटिव्ह जुळवून भागत नाही. म्हणून नेहमीचे दाते हवेत.

पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. जानेवारीत रक्त दिलेली पोरं एप्रिलच्या शेवटी तयार असतात. तेव्हा, तेंदूपत्ता सुरू व्हायच्या आधी, संध्याकाळचं एक शिबिर घ्या. दाते गोळा करायचं आम्ही आशा पाहू.