रॅम दुप्पट करून सहा महिने झाले, खरा चोर आत्ता सापडला

तीन आठवड्यांपूर्वी रात्री स्प्रेडशीटमधून आकडे कॉपी केले, ऑल्ट-टॅब दाबून अहवालावर गेलो, पेस्ट केले, परत आलो तर खिडकी पांढरीफटक. वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. टास्क मॅनेजर उघडून ‘एंड टास्क’ दाबलं आणि चाळीस मिनिटांचं काम गेलं. हे १६ जीबी रॅमवर! पैसे मोजले ते याचसाठी ना?

आधी ८ जीबी होती. तेव्हा ब्राउझर, स्प्रेडशीट आणि अहवाल यांच्यात ये-जा करताना कुठला तरी प्रोग्राम न सांगता गायब व्हायचा. १६ जीबी टाकल्यावर पहिले दोन महिने खरंच सुखात गेले. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. पण ब्राउझरमध्ये तीसेक टॅब साठले की तोच तमाशा, फक्त पूर्वीपेक्षा उशिरा.

त्या रात्री चिडून टास्क मॅनेजरचं मेमरीचं पान नीट वाचलं. ‘इन यूज’ ११.४ जीबी, म्हणजे चारेक जीबी मोकळी. पण खाली ‘कमिटेड’समोर १५.६/१५.८. प्रोग्राम जेवढी मेमरी मागून ठेवतात, तेवढी त्यांनी वापरली नसली तरी ती या आकड्यात धरली जाते. विंडोज रॅम अधिक पेजफाइल (रॅमच्या जोडीला डिस्कवर राखलेली जागा) एवढ्याच मेमरीचा शब्द देतं, त्याच्या वर नाही. आणि माझी पेजफाइल शून्य होती. ती बंद केली होती मीच, एसएसडी घेतली तेव्हा. सतत लिहून लिहून डिस्क झिजते असं कुठेतरी वाचलं होतं, आणि आपण पडलो काटकसरी. पुढे विसरूनही गेलो. मग परत आलेल्या खिडकीने थोडी मेमरी मागितली, नकार मिळाला, की ती आडवी. डिस्क वाचवायला गेलो आणि रॅमवर खर्च करून बसलो!

पेजफाइल ‘सिस्टिम मॅनेज्ड’वर टाकून रीस्टार्ट केलं. तेव्हापासून एकही प्रोग्राम गायब झालेला नाही. ती पेजफाइल वापरली जाते तरी किती, म्हणून रोज डोकावतो. फारच थोडी.

पण माझा खरा राग त्या पाच सेकंदांवर आहे. खिडकीने पाच सेकंद विंडोजच्या हाकेला ओ दिली नाही की विंडोज तिच्या जागी तिचं भूत उभं करतं आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. याचा अर्थ प्रोग्राम मेलाच असा नाही. तो मोठा हिशेब करत असेल, फाइल लिहीत असेल. पाच सेकंद! माणूससुद्धा हाकेला ओ द्यायला कधी कधी याहून जास्त वेळ घेतो. आता मी टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रामचा सीपीयूचा आणि डिस्कचा आकडा बघतो. आकडा हलत असेल तर हात मांडीवर ठेवून बसतो. गेल्या आठवड्यात दीड मिनिटाने खिडकी जशीच्या तशी परत आली. त्या रात्रीचंही काम असंच परत आलं असतं की काय, हे आठवलं की अजून जळफळाट होतो.

क्लिपबोर्डचंही तसंच. मोठा मजकूर कॉपी केला तरी काही प्रोग्राम तो लगेच देत नाहीत, पेस्ट करताना देतात. मधेच तो प्रोग्राम बंद पडला की पेस्ट करायला काही उरत नाही. विंडोज-व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी चालू केली आहे. शेवटच्या २५ गोष्टी राहतात, प्रत्येकी ४ एमबीपर्यंत. रीस्टार्ट केलं की फक्त पिन केलेल्या उरतात, हे मात्र अनुभवाने कळलं.

ऑटोरिकव्हर, म्हणजे उघड्या फाइलची अधूनमधून आपोआप प्रत ठेवणारी सोय, दहा मिनिटांवर होतं, ते दोनवर आणलं. तरी नवी फाइल उघडली की आधी नाव देऊन सेव्ह करतो, आणि ऑल्ट-टॅबच्या आधी कंट्रोल-एस. बोटांना सवय लागायला आठवडा गेला. आता ईमेल लिहितानाही बोटं कंट्रोल-एस दाबतात.

रॅमला चार तारे. पाचवा कापला त्यात तिचा काही दोष नाही, कुणावर तरी राग काढायचा होता. जुनी ८ जीबीची स्टिक खणात पडून आहे. येत्या रविवारी ती परत बसवून, पेजफाइल चालू ठेवून बघणार आहे. तिच्यावरच भागलं तर तो चौथा ताराही काढून घेईन.