पटाशीला पाणीच नव्हतं, १८,१४० रुपये गेले

पटाशीने हातावरचे केस निघतात हे बघून कुणालाही पैसे देऊ नका. केस साध्या लोखंडानेही निघतात, दगडावर नीट घासलं की झालं. ती धार सागात किती टिकते ते बघायचं असतं, आणि ती टिकते पोलादाला पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं असेल तरच.

मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहतो, फावल्या वेळात हाताने ड्रॉवर, पेट्या करतो. डव्हटेल म्हणजे फळ्यांच्या टोकांना शेपटीसारखे आकार (टेल) कापून त्या एकमेकांत अडकवायचा सांधा; त्याची हत्यारं घडवून देणाऱ्या एका माणसाचा नंबर ओळखीच्याच एका सुताराने दिला, म्हणून विश्वास ठेवला. ओळखीतून आलेल्या माणसावर कोण संशय घेतं? पुढचं सगळं नेहमीचंच: व्हिडिओ, ‘शेवटचा सेट’, ‘सोमवारपासून भाव वाढणार’, बिल नंतर. ६, ९, १२ आणि १८ मिलिमीटरच्या चार पटाश्या ११,५०० रुपये. पितळी पाठीची करवत ४,२००. आजोबांच्या तीन जुन्या पटाश्यांना नव्याने पाणी देऊन मुठी बसवायचे १,८००. कुरिअर ६४०. एकूण १८,१४०, सगळे आगाऊ, यूपीआयने.

तो नमुना दाखवायला घरी आला होता, तेव्हा मी कानस काढली होती. हातात घेतली होती! पाणी दिलेल्या पोलादावर कानस घसरते, मऊ लोखंडाला चावते. एवढी साधी परीक्षा, क्षणभराचं काम. तो म्हणाला, “काका, कानस नका लावू, पॉलिश जाईल.” आणि मी ती खाली ठेवली. घरी आलेल्या माणसाचा माल त्याच्यासमोर खरवडायचा, हे आपल्याकडे बरं दिसत नाही. पण ज्याचं पोलाद खरं असतं तो स्वतःच कानस पुढे करतो. पॉलिशची काळजी त्याला नव्हती.

दुसरी खूण तर डोळ्यांसमोर होती. पात्याच्या टोकाला सुंदर निळी झाक. ‘हाताने पाणी दिल्याची निशाणी’ म्हणे. पटाशी पाण्यात विझवल्यावर पुन्हा हलकी तापवतात ती गवती पिवळ्या रंगापर्यंत, साधारण २२० ते २३० अंश. निळा रंग ३०० च्या आसपास येतो, तो स्प्रिंगला ठीक, पटाशीच्या धारेला मऊ. आणि असा रंग साध्या लोखंडावरही चढतो. पोलादात कार्बनच नसेल, तर कितीही लाल करून विझवा, ते कडक होणार नाही.

माल आला. देवघराच्या ड्रॉवरसाठी सागावर आखणी केली, टेलचा उतार १:८, कठीण लाकडाला घेतात तो. पहिल्याच ओळीत १२ ची धार दुमडली. सागात सिलिका असते, तो हत्याराची परीक्षा घेतोच, पण इतक्या लवकर? ग्राइंडरवर धरली तर ठिणग्या लांब, सरळ, न फुटणाऱ्या. भरपूर कार्बन असला की त्या फुलबाजीसारख्या फुटतात. पात्याच्या कडाही जाड होत्या. डव्हटेलच्या पटाशीची कड जवळजवळ शून्यावर आणावी लागते, नाहीतर टेलच्या तिरप्या कोपऱ्यात शिरताना ती शेजारचं लाकूड चेचते. करवतीचे दात आडव्या कापाचे (लाकडाच्या रेषा तोडणारे) निघाले, टेल कापायला उभ्या कापाचे (रेषांच्या दिशेने कापणारे) लागतात. कापलेली फट रुंद, आखलेल्या रेघेवर चालेचना.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते आजोबांच्या पटाश्यांचं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवन या तंत्रशाळेत आजोबा शिकलेले. त्या तीन पटाश्या परत आल्याच नाहीत, त्यांच्या जागी त्याच मापाच्या तीन नव्या, मऊ. फोन बंद.

तक्रारीला गेलो. ठाण्यात हवालदाराने पटाशी उलटसुलट केली आणि म्हणाला, “काका, आ तो सिविल मॅटर छे.” माल मिळाला म्हणजे फसवणूक नाही, असं त्याचं गणित. आतल्या साहेबांनी बँकेत पाठवलं. बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत, पोलिसांचा कागद आणा. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्तावर. दुरुस्तीला दिलेली वस्तू बदलून ठेवणं हा विश्वासघात आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे, फसवणुकीला ३१८ आहे, हे मी वाचून गेलो होतो. ऐकून कुणी लिहून घेतलं नाही. माझ्या वयाच्या माणसाला बाकावर बसवून ठेवायचं आणि मग जेवायची सुट्टी झाली म्हणायचं! अर्जाच्या प्रतीवर शिक्का मात्र भांडून घेतला. तो घ्याच, शिक्क्याशिवाय तुम्ही आलाच नव्हता.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, राहत्या गावी दावा करता येतो, मुदत दोन वर्षांची. चॅट पुसू नका, मऊ निघालेली हत्यारं रागाने फेकून देऊ नका, तोच पुरावा. जुनं हत्यार दुरुस्तीला देताना दोन्ही बाजूंचे फोटो काढा, समोरच्याची सही घ्या. शक्यतो देऊच नका: पाठ सपाट करणं, २५ अंशांचा मुख्य उतार, टोकाला ३० चा बारीक, हे घरी दगडावर जमतं.

आजोबांच्या पटाश्या ६, १२ आणि १८ च्या. १८ च्या पात्यावर, मुठीच्या जरा खाली, कानशीने पाडलेल्या तीन तिरप्या खाचा आहेत. जुन्या बाजारात किंवा कुणाच्या व्हिडिओत दिसल्या, तर विकणाऱ्याला काही न बोलता आधी फोटो काढा आणि मला कळवा.