ए.ए.ची मराठी मीटिंग, ठाणे: पिऊन परत आलेल्या माणसासाठी कशी आहे

रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगते. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सांभाळायचा ग्रुप. हा रिव्ह्यू मुद्दाम त्या घरांसाठी लिहितेय जिथे माणूस चांगला सोबर (दारू सोडून) होता, सगळे निर्धास्त झाले होते आणि मग तो परत प्यायला. पहिल्यांदा दारू सोडणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा सोडणाऱ्याकडे बघायला कोणी नसतं, आणि खरी दमछाक तिथेच होते, त्याचीही आणि घरच्यांचीही.

माझा दादा आधीपासून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसमध्ये जायचा. मग एका हळदीला प्यायला. ठाणे-रायगड पट्ट्यात हळद म्हणजे काय असतं ते इथल्यांना सांगायला नको, लग्नाला कमी माणसं आणि हळदीला जास्त, डीजे, मटण आणि बाटल्यांचे खोके. त्यानंतर त्याने मीटिंगला जाणंच सोडलं. ए.ए.मध्ये सोब्रायटीचा, म्हणजे दारू सोडल्याचा, वाढदिवस करतात, त्याचाही केला होता, त्यामुळे आता कुठल्या तोंडाने जाऊ हेच धरून बसला. मधल्या काळात आम्ही एका खासगी सेंटरला फोन केला तर त्यांनी पेशंटला न बघताच शंभर टक्के गॅरंटी दिली आणि अॅडव्हान्स मागितला, तिथेच मन उठलं.

शेवटी त्याच्या स्पॉन्सरचा फोन आला. स्पॉन्सर म्हणजे ग्रुपमधला जुना सोबर माणूस, जो ए.ए.च्या बारा पायऱ्यांमधून, म्हणजे दारूपासून लांब राहायच्या ठरलेल्या टप्प्यांमधून, दुसऱ्याला हात धरून नेतो. ते एवढंच म्हणाले, "काही बोलू नको रे, नुसता येऊन बस." त्या दिवशी ओपन मीटिंग होती म्हणून मीही सोबत गेले (क्लोज्ड मीटिंगला घरच्यांना बसता येत नाही, ती फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी).

जागा म्हणजे शाळेचा एक वर्ग. छोटे बेंच, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, आणि त्या बेंचवर गुडघे दुमडून बसलेले रिक्षावाले, बँकवाले, एक रिटायर्ड मास्तर. सुरुवातीला प्रार्थना, मग बारा पायऱ्यांचं वाचन, मग शेअरिंग. एक जण बोलत असताना मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, हा नियम मला सगळ्यात आवडला. दादाने हात वर करून सांगितलं की मी परत प्यायलो. मला वाटलं आता प्रश्न सुरू होतील, का प्यायलास, घरच्यांचा विचार नाही केलास का, जे आम्ही घरी रोज विचारत होतो. एकानेही विचारलं नाही. टाळ्या वाजल्या आणि पुढच्या माणसाने स्वतःचं सांगायला सुरुवात केली.

पिशवी फिरली तेव्हा मी नोट काढली तर शेजारच्या काकांनी हळूच हात धरला, म्हणाले ताई, तुम्ही नाही टाकायचे, फक्त मेंबरांनी. त्यांची सातवी परंपराच तशी आहे, बाहेरच्यांकडून पैसा घ्यायचा नाही. त्या सेंटरच्या फोननंतर हे बघून मला खरंच भरून आलं.

आता मुद्द्याचं. परत प्यायल्यावर मोटिव्हेशन कुठून आणायचं हा प्रश्न घेऊन आम्ही गेलो होतो, आणि तिथे त्याला उत्साह कोणी मागितलाच नाही, काम दिलं. दुसऱ्या दिवसापासून वर्ग उघडायचा, पंखे लावायचे, चहा सांगायचा. मन असो नसो, चावी त्याच्याकडे म्हणून त्याला जावंच लागायचं. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करायचा सल्लाही जुना आहे, त्यातही विचार एकाच दिवसाचा, आजचा दिवस प्यायची नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा यातलं काही वाढलं की पहिला पेग घ्यायच्या आधी फोन करायचा. दादाच्या खिशात नंबरांचा कागद असतो, घड्या पडून फाटत आलाय, चिकटपट्टी लावलीये.

मास्तरांनी चहा पिताना एक गोष्ट सांगितली जी दादाला सगळ्यात जास्त लागू पडली. बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब यांनी ए.ए. सुरू केलं, अमेरिकेत अॅक्रन गावी. बिलला भेटल्यावर डॉक्टर बॉबनी दारू सोडली, आणि थोड्याच आठवड्यांत एका मेडिकल कॉन्फरन्सला गेले तिथे परत प्यायले. परत आल्यावर बिलने त्यांना सांभाळलं, आणि ते शेवटचं प्यायले तो दिवस, 10 जून 1935, हाच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. म्हणजे ज्यांनी संस्था काढली त्यांचीही स्लिप झालेली. हे ऐकल्यावर दादा घरी येताना पूर्ण रस्ता बोलत होता, कित्येक दिवसांनी.

अर्धा स्टार का कापला: ईश्वराचा उल्लेख बराच येतो. "जसा आम्हाला समजला तसा" असं म्हणतात, त्यामुळे नास्तिकालाही जागा आहे, पण सुरुवातीला अवघड जातं. बायका फार कमी दिसल्या, पिणाऱ्या बाईला तिथे एकटीने जाऊन बसणं सोपं नाही, तिच्यासाठी महिलांची किंवा ऑनलाइन मीटिंग शोधावी. आणि ग्रुपागणिक फरक पडतो, एक नाही पटला तर दुसरा बघा पण सोडू नका.

एक महत्त्वाचं, इथे डॉक्टर नसतो आणि ते तसा दावाही करत नाहीत. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला तर हात थरथरणं, फिट, भास, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग, किंवा दोन्ही बरोबर. गोळ्या चालू असतील तर ग्रुपमधल्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

आणि घरच्यांनी अल-अॅनॉनला जा. बिलच्या बायकोने, लोइसने, 1951 मध्ये एका मैत्रिणीबरोबर ते सुरू केलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. मी जाते, वहिनीही येते. दादाचं तोंड हुंगणं आम्ही तिथे जायला लागल्यावर बंद केलं, त्यानंतर घरातलं वातावरण खूप निवळलं.

जाण्याआधी फोन करून विचारा, मीटिंग मराठीत आहे का हिंदीत, ओपन आहे का क्लोज्ड. फी नाही, नाव नोंदवावं लागत नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दहा मिनिटं आधी पोचा, दार उघडणारा बहुतेक तुमच्यासारखाच परत आलेला असेल.