लोणच्यासाठी व्हिनेगर: सफरचंदाचं की पांढरं?

आंबटपणात दोघांत फारसा फरक नाही. बाटलीवर ५ टक्के आम्लता लिहिलेली असेल तर टिकवायचं काम दोन्ही सारखंच करतात. त्याहून कमी असेल तर ती बाटली सॅलडसाठी ठेवा. खरा फरक चवीत आणि रंगात.

पांढरं व्हिनेगर सरळ नाकात जातं. चव धारदार, काहीशी एकसुरी, पण भाजीचा रंग फारसा बदलत नाही. फ्लॉवर किंवा पांढरा कांदा बरणीत शुभ्र दिसायला हवा असेल तर हेच घ्या. सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये तोच फ्लॉवर चहात बुडवल्यासारखा पिवळट-तपकिरी दिसू लागतो. बीट, लाल कांदा, गाजर यांच्यावर मात्र ती छटा कळतही नाही, आणि फळाचा तो हलका गोडसर वास दालचिनी, लवंग, मोहरीशी मस्त जमतो. साखरेचा हातही जरा आखडता घेता येतो. मी तरी बहुतेक वेळा याकडेच वळते.

सफरचंदाच्या व्हिनेगरच्या काही बाटल्यांत तळाशी गढूळ धागे दिसतात ती 'मदर', म्हणजे व्हिनेगर तयार करणाऱ्या जिवाणूंचा साका. केवळ तिच्यासाठी जास्त पैसे मोजत असाल तर थांबा: व्हिनेगर उकळलं की त्यातले जिवाणू मरतातच.

झटपट लोणच्याला निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, चवीला मीठ, आणि बरणी फ्रिजमध्ये. पातेलं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. लसूण निळा-हिरवा पडला तर घाबरू नका. ते दोन्हींत होतं, खायला हरकत नाही.