अंदमानातील नोकरीच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

कळंगुटच्या एका हॉटेलात मी सहा वर्षे फ्रंट ऑफिसला होतो. मे संपत आला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामापुरती उभारलेली खानपानगृहे, उतरवले जातात, पर्यटक पांगतात आणि हंगामी कामगारांना ‘पावसाळ्यानंतर बघू’ असे सांगून घरी बसवले जाते, हे गोव्यात या धंद्यात असलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये अंदमानातील स्वराजद्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील एका रिसॉर्टमध्ये बारमाही नोकरी असल्याची जाहिरात मोबाईलवर दिसली, तेव्हा मी त्याच रात्री अर्ज केला. पगार बत्तीस हजार, राहणे आणि जेवण रिसॉर्टकडून. गोव्यात मला एकवीस मिळत होते.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मुलाखत झाली. समोरच्या माणसाने कॅमेरा बंद ठेवला होता आणि ‘बेटावर नेटवर्क कच्चे असते’ असे कारण दिले. प्रश्न मात्र त्याने नेमके विचारले. ओव्हरबुकिंग झाले तर पाहुण्याला कसे सांभाळाल, रात्रीचा हिशेब कसा बंद करता, असे. माणूस धंद्यातला आहे एवढ्यावरच माझा विश्वास बसला. संध्याकाळी नियुक्तीपत्र आले. त्यावर रिसॉर्टचे बोधचिन्ह, शिक्का आणि सही होती; इंग्रजी रिसेप्शन या शब्दातले ‘पी’ हे अक्षर तेवढे गळलेले होते. ते मला दिसले होते, पण टंकलेखनाची चूक समजून मी पुढे गेलो.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी नोंदणीचे पंधराशे, मग गणवेश आणि प्रशिक्षणाची साडेआठ हजारांची अनामत, जी पहिल्या पगाराबरोबर परत मिळणार होती. त्यानंतर आला तो बेटाचा परवाना. मेनलँडच्या माणसाला (तिकडे आपल्या भागाला हाच शब्द वापरतात) बेटावर काम करायचे तर प्रशासनाचा परवाना लागतो आणि त्याचे साडेबारा हजार होतात, असे मला सांगण्यात आले. हे अर्धसत्य फार बेमालूम होते. निकोबारला किंवा आदिवासींसाठी राखीव असलेल्या क्षेत्रांत जायला खरोखरच पास लागतो आणि तसे काहीतरी मी वाचलेही होते. परंतु पोर्ट ब्लेअर किंवा स्वराजद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकाला कोणताही परवाना लागत नाही, हे मी कोणाला विचारलेच नाही. शेवटी खोलीच्या अनामतीचे सहा हजार गेले. एकूण अठ्ठावीस हजार पाचशे. प्रत्येक वेळी यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचे नाव म्हणून रिसॉर्ट नव्हे, तर कुठल्यातरी मोबाईल दुकानाचे नाव येत होते. ‘आमच्या अकाउंटंटचे खाते आहे, सर’ हे उत्तर मी ऐकून घेतले.

आईचा विरोध होता, पण तिचे कारण वेगळे होते. मराठी घरात अंदमान म्हटले की सावरकर आणि काळे पाणी हेच आधी डोळ्यांसमोर येते. मी तिची समजूत घातली. आम्ही मयेचे, चोडणमार्गे रायबंदरची फेरीबोट धरून पणजी गाठणाऱ्याला बेटाचे काय भय, असे मी तिला ऐटीत म्हणालो होतो.

रुजू होण्याची तारीख ५ जून होती. विमानाचे तिकीट मी स्वतः काढले, तेही परतीशिवाय. चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअरला (सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे नाव श्रीविजयपुरम करण्यात आले आहे) उतरलो, तेव्हा धो धो पाऊस पडत होता. तो पाऊस पाहताना, जी गोष्ट एप्रिलमध्येच लक्षात यायला हवी होती, ती माझ्या लक्षात आली. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोहोचतो आणि तिथला पर्यटनाचा हंगाम साधारण आपल्यासारखाच मे महिन्यात आटोपतो. मग ऐन जूनमध्ये फ्रंट ऑफिसला नवा माणूस कोण घेईल? सहा वर्षे ज्या हिशेबावर माझे घर चालले, तो हिशेब मी स्वतःच्या नोकरीला लावला नव्हता.

समुद्र खवळलेला असल्याने त्या दिवशीच्या बोटी रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी फिनिक्स बे जेट्टीवरून सरकारी बोटीने सुमारे अडीच तासांत स्वराजद्वीप गाठले. रिसॉर्ट खरे होते. तिथल्या व्यवस्थापकांनी, एका वयस्कर बंगाली गृहस्थांनी, माझे पत्र दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत वाचले, टेबलाचा खण उघडला आणि तसलीच आणखी दोन पत्रे माझ्यासमोर ठेवली. तिन्हींत ‘पी’ नव्हता. माणसे कमी करण्याचे दिवस आहेत, असे ते संकोचून म्हणाले. चहा पाजला आणि परतीच्या बोटीची चौकशीही त्यांनीच करून दिली. रिसॉर्टच्या संकेतस्थळावर त्यांचा दूरध्वनी क्रमांक पहिल्यापासून होता. मी एक फोन केला असता, तर घरबसल्या खुलासा झाला असता.

१९३० या सायबर मदत क्रमांकावर मी तिथूनच तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर तासाभरात, निदान त्याच दिवशी तक्रार केली, तर ज्या खात्यात ते गेले तिथेच गोठवता येण्याची शक्यता असते. माझा पहिला हप्ता जाऊन तोवर पाच आठवडे उलटले होते आणि ते खाते रिकामे होते. परत येऊन पोलीस ठाण्यात जबाब दिला. पावत्या, संभाषणे आणि पत्र मी पुसून टाकले नव्हते, एवढीच काय ती शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून घडली. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

हे सर्व लिहून काढण्याचे मी लाजेपोटी टाळत होतो. गेल्या आठवड्यात सत्तरी तालुक्यातला एक ओळखीचा मुलगा अंदमानला नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन घरी आला. पंधराशे त्याने भरले होते, साडेआठ हजार दुसऱ्या दिवशी भरणार होता. मी त्याचे पत्र मागून घेतले. त्यावर रुजू होण्याची तारीख तेवढी नवी होती. ‘पी’ अजूनही गळलेलाच होता.