कटिंग फोर्सचा अंदाज: तक्ता, चाचणी-कट की सॉफ्टवेअर?

साकीनाका-अंधेरीच्या गाळ्यांत व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) चालवणाऱ्याला मिलिंगच्या, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापण्याच्या, जोराबद्दल दोन प्रश्न पडतात. मशीन ओढेल का? आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, किती वाकेल? दोन्हींना एकच पद्धत लावली की नुकसान ठरलेलं.

पहिल्या प्रश्नाला मालानुसार जोराचे आकडे देणारा तक्ता पुरतो. जर्मन अभियंता किएन्झलेचं १९५२ चं सूत्र अजून तितकंच कामाचं आहे: चिप (कापताना निघणारा कीस) जितकी पातळ, तितका दर चौरस मिलिमीटरमागे जोर जास्त. ईएन-८ सारख्या पोलादाला १ मिमी जाडीच्या चिपसाठी दर चौरस मिलिमीटरला १७०० न्यूटन आणि सूत्रातला घातांक ०.२५ धरला, तर ०.१ मिमीला साधारण ३००० आणि ०.०२ मिमीला ४५०० येतात. आता फेसमिलने (सपाट पृष्ठभाग कापणाऱ्या कटरने) ४० मिमी रुंद, २ मिमी खोल, मिनिटाला ५०० मिमी फीड (कटर जॉबवरून सरकण्याचा वेग) घ्या. ३००० च्या हिशेबाने कापायलाच २ किलोवॅट लागतात. पाच मिनिटांत उत्तर, खर्च काही नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी याच तक्त्याच्या भरवशावर हात पोळून घेतले. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगची दीड मिमीची भिंत होती. पॉवर मशीनच्या पाव हिश्शाचीही नव्हती, म्हणून निर्धास्त होतो. मायक्रोमीटर लावला तर भिंत खाली १.५० आणि वर १.५८. कटर आला की वरची कड मागे सरत होती. पुन्हा हलका पास मारला, तर कटर कापायच्या ऐवजी घासत राहिला, भिंत थरथरली, फिनिश गेलं. सहाही नग भंगारात.

तक्ता कापण्याच्या दिशेचा जोर देतो. भिंतीला ढकलतो तो तिच्यावर लंब येणारा, आणि त्यासाठी त्रिज्येच्या दिशेचा गुणांकही लागतो. त्यात भिंतीची जाडी निम्मी केली की तोच जोर तिला आठपट वाकवतो.

इथे चाचणी-कटची पद्धत हवी. कोनिग्सबर्गर आणि सबरवाल या संशोधकांनी १९६१ मध्ये मिलिंगमधल्या जोराच्या चढउतारांवर काम केलं, त्याच वळणाची. डायनॅमोमीटरवर (जोर मोजणाऱ्या उपकरणावर) त्याच मालाचा तुकडा बांधायचा, तोच कटर, तीच खोली, आणि पूर्ण रुंदीच्या चार-पाच खाचा वेगवेगळ्या फीडने मारायच्या. सरासरी जोर आणि दर दातामागचा फीड यांचा आलेख जवळपास सरळ रेषेत येतो. रेषेच्या चढावरून कापण्याचा गुणांक मिळतो. रेषा शून्य फीडपर्यंत वाढवली की जो जोर उरतो, तो धारेच्या घासण्याचा. माझा हलका पास फसला तो याच उरलेल्या जोराने. फीड कमी केला तरी तो जात नाही, आणि धार बोथट होत गेली की वाढतो.

चाचणीआधी कटरला डायल (सगळे दात एकसारखे फिरतात का ते दाखवणारं मापक) लावाच. दोन दातांच्या एन्ड मिलचा एक दात ०.०२ मिमी बाहेर असेल, तर ०.०५ च्या फीडवर एक दात ०.०७ कापतो, दुसरा ०.०३. सरासरी बरोबर येते, पण शिखराचा जोर हिशेबापेक्षा बराच चढतो.

डायनॅमोमीटर महाग आहे, विकत घेऊ नका. मशीन टूल प्रयोगशाळा असलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात विचारा. जड जॉब त्यावर बांधू नका, त्याची नैसर्गिक कंपनसंख्या खाली येते. चार दातांचा कटर ३००० आरपीएमला सेकंदाला २०० ठोके देतो, ते मग खरे मोजले जात नाहीत.

फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर, म्हणजे मालाचे बारीक भाग पाडून कापणं संगणकावर उभं करणारं, कटर बनवणाऱ्यासाठी ठीक. त्याला मालाचे जॉन्सन-कुक स्थिरांक (ताण, वेग आणि उष्णतेत माल किती टिकतो ते सांगणारे आकडे) आणि घर्षण द्यावं लागतं, आणि ते चुकलं तर तासन्‌तास चालून चुकीचंच उत्तर हाती येतं. स्पिंडलच्या करंटवरून शिकणारं मॉडेल तेव्हाच घ्या, जेव्हा एकच जॉब महिनोन्‌महिने चालतो. माल बदलला की त्याचा अंदाज ढळतो.

माझ्याकडे आता ३ मिमीपेक्षा पातळ भिंतीचं ड्रॉइंग आलं, की त्याच बॅचचा एक तुकडा आधी खाचांसाठी कापून ठेवतो आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लावतो.